दुःखाला दोन साक्षीदार

निवृत्तीनंतर नानांना पहिला शोध लागला तो असा, की घरात आपल्याशी बोलायला कोणी नाही. म्हणजे बायको होती. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, त्यामुळे बोलायचं तर एकमेकांशीच बोलायला हवं होतं. पण बायकोच्या हातात फोन होता. चहाचं आधण ठेवलं की फोन, कपडे वाळत घातले की फोन, दुपारी जरा आडवं व्हायचं म्हणून फोन. नानांनी एकदा वैतागून, अगदी शांतपणे, "खालच्या मजल्याला आग लागली आहे" असं सांगून पाहिलं. ती मान खाली घालूनच "बरं" म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "विझली का?"

आता नाना काही असेतसे गृहस्थ नव्हते. दाखले कार्यालयात त्यांनी उभी नोकरी काढली होती. जन्माचा, रहिवासाचा, वारसाचा, हरवल्याचा, सापडल्याचा, कुठलाही दाखला नानांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. हयातीच्या दाखल्यासाठी एक म्हातारे गृहस्थ स्वतः येऊन समोर उभे राहिले, तेव्हा नानांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नम्रपणे सांगितलं, की तुम्ही समोर उभे आहात हा तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरात कोणी दाद देत नाही म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ येईल त्यालाच कळेल.

एका रविवारी पुरवणीत लेख आला होता. समाजमाध्यमांमुळे माणसाच्या मनावर काय परिणाम होतो हे म्हणे संशोधकांनी प्रश्नावल्या वाटून मोजलं. नानांनी लेख दोनदा वाचला, मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, मग तिने ऐकला नाही म्हणून पुन्हा स्वतःच वाचला. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोन घर खातो हे तोंडाने सांगून उपयोग नाही, कागदावर यायला हवं! अख्ख्या इमारतीची प्रश्नावली भरून घ्यायची, आकडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे आणि ठराव करून घ्यायचा, की दिवेलागणीपासून जेवणापर्यंत इमारतीतले सगळे फोन बंद. मग बायको काय करेल? बोलेल. आणि बोलेल कोणाशी? घरात दुसरं होतंच कोण!

नानांची भाची मानसशास्त्र शिकत होती. तिला बोलावणं गेलं. ती बिचारी मामीच्या हातचा चहा प्यायला म्हणून आली आणि अडकली.

"मामा, याला स्वयंनिवेदन म्हणतात," ती म्हणाली. "माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो. 'मला एकटं वाटतं' असं लिहायचं आणि पुढे पाच चौकटी. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. एकावर खूण करायची."

"आणि पुरावा?"

"कशाचा?"

"एकटं वाटल्याचा."

"पुरावा कसला, मामा? वाटतं म्हणजे वाटतं."

नानांना हसू आवरेना. एवढी शिकली पोर, पण व्यवहारज्ञान शून्य! उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मला वाईट वाटतं. त्याच्या शब्दावर जाऊन नोंद करायची? मग कार्यालयं हवीत कशाला?

"शिवाय नाव लिहून घ्यायचं नाही हं," भाची पुढे म्हणाली. "निनावी असलं की माणसं खरं सांगतात."

हे ऐकल्यावर मात्र नाना खुर्चीतून उठले. "निनावी अर्जाची दखल घेतली जात नाही," ते म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले तो आवाज ऐकून पूर्वी माणसं रांगेतून परत गेली होती. भाचीने मामीकडे पाहिलं. मामी फोनकडे पाहत होती.

मग नाना मसुद्याला बसले. कित्येक दिवसांनी कामाला बसत होते, त्यामुळे तब्येत एकदम सुधारली. प्रश्न असे उतरले: 'अर्जदारास गेल्या पंधरवड्यात इतरांची छायाचित्रे पाहून स्वतःच्या आयुष्याविषयी असमाधान वाटले आहे काय? असल्यास कितपत?' भाचीचा मान राखायचा म्हणून पाच चौकटी ठेवल्या. पण खरी कारागिरी होती ती खालच्या टिपांत. खाडाखोड असलेला अर्ज बाद समजला जाईल. अर्ज निळ्या शाईतच भरावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुःख, एकटेपणा, हेवा अथवा झोप न लागणे यांपैकी काहीही 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' असल्यास दोन प्रतिष्ठित रहिवाशांनी साक्षीदार म्हणून सही करणे आवश्यक. साक्षीदार कुटुंबातील नसावेत. 'कधीच नाही' लिहिणाऱ्याला साक्षीदाराची गरज नव्हती. काही मागायचं असेल त्यानेच पुरावा आणावा, ज्याला काही नको त्याला कशाला त्रास, हे कार्यालयाचं जुनं आणि चोख धोरण होतं.

अर्ज छापून आणायच्या आधी नानांनी तो चार लोकांना दाखवला. इथेच चुकलं. इमारतीत सल्ला मागणं म्हणजे नळ सोडून बाहेरगावी जाणं. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि शेवटी एक ओळ घालायला लावली: 'माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या परिणामांस अर्जदार स्वतः जबाबदार राहील.'

"होणारे परिणाम म्हणजे नक्की काय?" नानांनी विचारलं.

"ते मोकळं ठेवायचं," वकील म्हणाले. "त्यातच जरब असते."

समोरच्या घरात शिकवणीवाले सर राहायचे. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पास व्हायला किती लागतात?" हे मानसशास्त्र आहे, यात पास-नापास नसतं, असं नानांनी सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि जाताना हळूच विचारलं, "तरी पण, बरोबर उत्तरं कुठली धरणार?"

आणि सेक्रेटरी! सेक्रेटरी म्हणाले, जिन्यात कागद वाटायचे तर परवानगी लागेल. परवानगीसाठी अर्ज करा. दोन प्रतीत. नानांनी केला. सेक्रेटरी म्हणाले, उद्या या. नाना उद्या गेले. कमिटीचे एक सभासद बाहेर होते, म्हणून पुन्हा उद्या. नाना त्यांच्या दारात चपला हातात घेऊन उभे, आणि आतून टीव्हीचा आवाज येतोय. नानांचा अपमान झाला खरा, पण मनाच्या एका कोपऱ्यात कौतुकही वाटलं. माणूस दाखले विभागात आला असता तर वर गेला असता.

शेवटी अर्ज वाटले गेले आणि इमारतीत जो गोंधळ सुरू झाला तो काही विचारू नका.

पहिली ठिणगी सेक्रेटरीणबाईंकडे पडली. बाई मोकळ्या स्वभावाच्या, मनात एक ओठात एक असं नाही. त्यांनी इतरांचे फोटो पाहून हेवा वाटण्यापुढे 'बऱ्याचदा'वर खूण केली आणि साक्षीदार म्हणून सही घ्यायला शिकवणीवाल्या सरांच्या बायकोकडे गेल्या. तिने सही करण्यापूर्वी वाचलं. वाचणारच, साक्षीदार होती ना!

"कोणाचे फोटो पाहून?" तिने विचारलं.

"असेच, लोकांचे."

"लोकांचे म्हणजे? परवा आम्ही फिरून आलो, त्याचे तर नाहीत?"

त्याचेच होते. खोटं बोलावं तर परिणामांस स्वतः जबाबदार. बाई गप्प राहिल्या, आणि दुसरीने त्या गप्प राहण्याचा बरोबर अर्थ लावला. मग जे काही झालं ते जिन्यात झालं, त्यामुळे सगळ्यांना घरबसल्या ऐकू आलं. कोणत्या फोटोत पोट आत ओढलं होतं इथपर्यंत गाडी गेली. वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी विरजण मागायला जाणाऱ्या बायका, त्यांचं बोलणं बंद झालं.

सेक्रेटरी तणतणत वर आले. "माझ्या बायकोला हेवा वाटतो हे अख्ख्या जिन्याला कळलं, नाना!"

"मग आता साक्षीदारांची अडचण नाही," नाना म्हणाले. देवाशपथ, त्यांनी हे चेष्टेने म्हटलं नव्हतं. पण सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

वकिलांनी कोणाच्याच दुःखावर सही करायला साफ नकार दिला. उद्या ते दुःख वादात गेलं तर तारखांना कोण जाणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि नानांना तो पटला.

मग तळमजल्यावरचे औषधवाले आले. भला माणूस, ताप आला की अख्खी इमारत त्याच्याकडे जायची. दोन वर्षांमागे त्यांची बायको गेली होती. हातातला अर्ज नीट चार घड्या घालून आणला होता. झोपेच्या प्रश्नापुढे त्यांनी 'नेहमी'वर खूण केली होती.

"नाना, एक अडचण आहे," ते संकोचून म्हणाले. "मला झोप लागत नाही हे खरं, पण याला साक्षीदार कुठून आणू? मी जागा असतो तेव्हा सगळे झोपलेले असतात."

नानांनी टीप पुन्हा वाचली. अडचण रास्त होती, पण टिपेत तशी तरतूद नव्हती. "मग असं करा," ते म्हणाले, "'क्वचित'वर खूण करा. त्याला साक्षीदार लागत नाही."

औषधवाल्यांनी पेन काढलं.

"अं हं, खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज घ्या."

औषधवाल्यांनी नवीन अर्ज घेतला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग सगळीकडे 'कधीच नाही' करून टाकलं. तेवढ्यात नानांची बायको आतून चहा घेऊन आली. तिने त्यांना रात्री काय बघता, काय वाचता असं काही विचारलं, आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली. नाना मात्र अर्जाच्या मागे शिक्का मारत होते.

आता इमारतीत कुजबुज सुरू झाली. कोण दुःखी, कोणाला कोणाचं बघवत नाही, कोणाच्या घरी काय चाललंय. जो तो दुसऱ्याच्या हातात कागद दिसला की मान वाकडी करून बघायला लागला. बोलताना लोक मुद्दाम हसायला लागले. असंच चाललं असतं तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं, पण शिकवणीवाले सर धावून आले. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर आदर्श उत्तरपत्रिका टाकली. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर: कधीच नाही. खाली सूचना: 'पालकांनी मुलांकडून नीट भरून घ्यावे.'

दुसऱ्या दिवसापासून अर्ज येऊ लागले आणि काय ते अर्ज! निळी शाई, एक खाडाखोड नाही, सही चौकटीच्या आत. इतके निर्दोष अर्ज नानांनी नोकरीत पाहिले नव्हते. त्यांना भरून आलं. दार वाजेल तेव्हा ते स्वतः उघडायचे, या बसा म्हणायचे, पण लोक उंबऱ्यातूनच कागद देऊन पळायचे.

याच दिवसांत ग्रुपवर नानांचं बारसं झालं. 'दुःखमोजणी अधिकारी'. बायको हे वाचून फसकन हसली आणि तिने ते नानांना वाचून दाखवलं. नाना दुखावले. एवढ्या लोकांसाठी झिजायचं आणि वर हे! पण बायको आपणहून काहीतरी बोलली होती, म्हणून त्यांनी दुखणं गिळून विचारलं, "आणखी काय म्हणतात?" ती तोवर पुढचं वाचायला लागली होती.

भाचीने येऊन अर्ज मोजले आणि डोक्याला हात लावला. "मामा, तुमच्या इमारतीइतकी सुखी माणसं जगात कुठे नसतील. चौथ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला सुद्धा हेवा वाटत नाही असं लिहिलंय. हे सगळं खोटं आहे!"

"सह्या आहेत," नाना म्हणाले.

"अहो मामा, पण खोटं आहे!"

"सही आहे, तारीख आहे, खाडाखोड नाही. मी कुठल्या तोंडाने बाद करू?"

इथे नानांची खरी कुचंबणा होती, आणि त्यांना हसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. हे अर्ज खरे धरले तर फोनने कोणाचं काहीच बिघडत नाही असं सिद्ध होत होतं. म्हणजे ठराव गेला, संध्याकाळ गेली, बायकोचं बोलणंही गेलं. दुसरा कोणी असता तर दहा-वीस अर्जांवर हळूच खूण फिरवून मोकळा झाला असता. नाना दिवसभर त्या गठ्ठ्यापुढे बसून राहिले, जेवले नाहीत. पण नियमात बसणारा कागद त्यांच्या हातून बाद होईना.

सभेत त्यांनी अहवाल वाचला. आवाज पडला होता. "प्राप्त अर्जांवरून असे दिसते, की समाजमाध्यमांचा आपल्या इमारतीतील रहिवाशांच्या मनावर कोणताही अनिष्ट परिणाम झालेला नाही. सर्वजण सुखी आहेत."

टाळ्या झाल्या. शिकवणीवाल्यांच्या बायकोने आणि सेक्रेटरीणबाईंनी सभागृहाच्या दोन टोकांना बसून टाळ्या वाजवल्या. औषधवाल्यांनीही वाजवल्या, त्यांचे डोळे लाल होते.

सेक्रेटरी उभे राहिले. "नानांनी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलंच आहे, की फोनने काही अपाय होत नाही. तेव्हा माझी सूचना अशी, की जिन्यातला सूचनाफलक आता काढून टाकावा. सगळ्या सूचना फोनवरच येतील. तिथे उगीच माणसं घोळका करून उभी राहतात."

घोळका कसला, रोज सकाळी नाना एकटेच तिथे उभे राहायचे. येणारा-जाणारा दोन मिनिटं थांबायचा, पाणी कधी येणार म्हणून विचारायचा, नाना सांगायचे. ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक म्हणून सेक्रेटरींनी नानांचंच नाव लिहून घेतलं, कारण अहवाल त्यांचा होता.

घरी आल्यावर नानांनी गठ्ठा बांधायला घेतला. बाहेर अजून उजेड होता. बायको खिडकीपाशी बसली होती. गठ्ठ्याला दोरा गुंडाळता गुंडाळता नाना थांबले.

"अगं, आपल्या घरचा एक अर्ज कमी आहे."

"माझा. मी भरला नाही."

"का?"

"नियमात बसत नाही तुमच्या."

"असं कसं? कुठला प्रश्न अडला?"

"एकटं वाटण्याचा."

"त्यात काय अडायचंय? 'कधीच नाही'वर खूण करायची आणि..."

"'नेहमी'," ती म्हणाली. दूध संपलंय हे सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाली.

नानांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मग दोन साक्षीदार लागतील."

"साक्षीदार असते तर एकटं कशाला वाटलं असतं, अहो?"

नानांच्या हातातला दोरा सैल पडला. खरं तर त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते कुठे नोंदवावं हे कळेना. ते म्हणाले, "मी सही करतो."

"घरातली माणसं चालत नाहीत. तुम्हीच लिहिलंय."

"तो नियम काढून टाकतो मी."

"राहू द्या हो. एवढे अर्ज भरून झाले लोकांचे."

नानांनी गठ्ठा बाजूला सारला. आणि मग, काय सांगावं या माणसाला, त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. सबंध इमारतीत शेवटपर्यंत एकटीनेच खरं उत्तर बदललं नव्हतं, आणि ती त्यांची बायको होती! म्हणजे आपलं म्हणणं बरोबर होतं. फोनने घर खाल्लं ते खाल्लंच. त्यांनी घाईघाईने कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"बघ, मी सांगत नव्हतो? हे सगळं या फोनपायी! आता नीट आठवून सांग, असं कधीपासून वाटतंय?"

तिने फोन बाजूला ठेवला आणि नानांकडे पाहिलं. कित्येक दिवसांत ती अशी समोर बघून बोलली नव्हती. नानांना याचीच तर भूक होती, म्हणून ते खुर्ची पुढे सरकवून बसले.

"आपण या घरात राहायला आलो ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी जायचात. इथे ओळखीचं कोणी नव्हतं. संध्याकाळी तुम्ही यायचात ते दमून, मग पेपर, मग जेवण, मग झोप. दिवसच्या दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. आवाज गेला की काय म्हणून मी दुपारी मोठ्याने बोलून बघायचे. भांड्यांची नावं घ्यायचे. तुम्हाला एकदा सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात डॉक्टरला दाखवू."

नानांना आठवेना. ते आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते.

"अगं, पण तेव्हा," ते अडखळत म्हणाले, "तेव्हा तर फोनच नव्हता."

"नव्हता ना. फोन आल्यावर जरा बरं वाटायला लागलं."

कागद कोराच होता. नानांना काहीतरी बोलायचं होतं, फार बोलायचं होतं, पण उभ्या जन्मात या बाईशी आपण अर्ज, पाणी, वाणी यापलीकडे काय बोललो हे त्यांना सापडेना. तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला नाही, आधी नानांकडे पाहिलं.

"घेऊ?"

"घे," नाना म्हणाले.